सगळं हिरवं आहे, फक्त चालत नाही

कुठलाही डेटाबेस बंद पडतो तेव्हा त्याचा डॅशबोर्ड हिरवागार असतो. हा नियम इतका पक्का आहे की पंचांगात छापायला हरकत नाही. ग्राहक ओरडत असतात, ॲपवरचं चक्र गरगरत असतं, आणि त्या आठवड्यात ज्याची ऑन-कॉलची पाळी आहे असा एखादा जीव हिंजवडीत अर्ध्या झोपेतून उठून कॉलवर आलेला असतो. मग संभाषण सुरू होतं. "डेटाबेस डाउन आहे का?" "नाही सर, पाचही नोड अप आहेत." "मग लोड बॅलन्सर गेला असेल." "तोही अप आहे." "नेटवर्क?" "अप." "मग डाउन काय आहे?" "सर्व्हिस." इथे कुणीही खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या पडद्याला साक्षी ठेवून सत्यच सांगतो, आणि या सगळ्या सत्यांची बेरीज ग्राहकाच्या हाती शून्य म्हणून पडते. दोष सहसा भाराच्या वाटपाला दिला जातो: वाटप नीट झालं नसेल, अल्गोरिदम बदला, एक यंत्र वाढवा. माझं म्हणणं वेगळं आहे. भार वाटणं हे लोड बॅलन्सरचं सोपं काम. ते तो डोळे मिटून करतो, आणि खरोखरच डोळे मिटून करतो. अवघड काम आहे ते विचारपुशीचं. कोण धडधाकट, कोण आजारी, कोण नुसताच मंद आणि कोण कधीचा गेलाय, हे बाहेर उभं राहून ओळखायचं. "कसं काय?" या प्रश्नाला आलेलं "बरंय" हे उत्तर कुठलाही शहाणा माणूस माहिती म्हणून धरत नाही, तो उपचार असतो. लोड बॅलन्सरला हे कुणी सांगितलेलं नाही. तो त्या "बरंय"वर अख्खी बँक चालवतो.

विनोदी लेखकाने तांत्रिक गोष्टी समजावू नयेत असा संकेत आहे. पण तांत्रिक मंडळी विनोद करायचे थांबत नाहीत तोवर तो पाळायचं कारण दिसत नाही. तर, एका यंत्राला काम झेपत नाही आणि एका यंत्राचा भरवसाही नसतो, म्हणून माहितीच्या प्रती किंवा तुकडे अनेक यंत्रांवर ठेवतात. त्यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे नोड, आणि सगळे मिळून क्लस्टर. या क्लस्टरच्या दारात लोड बॅलन्सर उभा असतो. विली तारो या फ्रेंच प्रोग्रामरने २००१ मध्ये बाहेर आणलेलं हॅप्रॉक्सी हे त्यातलं नावाजलेलं. येईल त्या कनेक्शनला कुठल्या नोडकडे धाडायचं ते हा ठरवतो, आणि त्याची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे राउंड रॉबिन: पहिला पहिल्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे, तिसरा तिसऱ्याकडे, चौथा पुन्हा पहिल्याकडे. लग्नाच्या कार्यालयात पंगती बसवणाऱ्या काकांचा न्याय नेमका असाच असतो. प्रत्येक पंगतीत डोकी सारखी. आता पहिल्या पंगतीत नेमके पैजेवर जिलब्या खाणारे आले आणि दुसरीत सगळे मधुमेहाचे, तर काकांचा त्यात काय दोष? डोकी मोजून घ्या, एक कमी निघाली तर बोला! बॅलन्सरही कनेक्शनं मोजतो, काम मोजत नाही. एका कनेक्शनवरून कुणी खात्यातली शिल्लक विचारत असतं आणि दुसऱ्यावरून कुणी मार्चअखेरचा, चौदा टेबलं एकमेकांत गुंफलेला अहवाल काढत असतं; बॅलन्सरच्या वहीत दोघांची नोंद प्रत्येकी एक. शिवाय डेटाबेसची कनेक्शनं एकदा बसली की उठत नाहीत. नवं कनेक्शन जोडणं खर्चिक असतं, म्हणून ॲप ती जपून, पुन्हा पुन्हा वापरतं. परिणामी भार वाढला म्हणून घाईघाईने सहावा नोड आणून उभा करावा, तर जुनी कनेक्शनं जुन्या जागी घट्ट, आणि नवा नोड रिकामा. "नोड वाढवला?" "वाढवला." "भार कमी झाला?" "नव्याचा झाला." यावर शोधलेला तोडगाही पाहण्यासारखा आहे. जावा-जगातलं हिकारीसीपी नावाचं लोकप्रिय कनेक्शन पूल प्रत्येक कनेक्शनला मुळातच ३० मिनिटांचं आयुष्य देतं. वेळ भरली की उठायचं आणि पुन्हा दारातून यायचं. म्हणजे समतोल साधतो तो बॅलन्सरच्या हुशारीने नव्हे, कनेक्शनं मर्त्य असल्यामुळे.

वाटपाची आणखी एक गंमत गॅलेरा क्लस्टरमध्ये दिसते. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या या व्यवस्थेत कुठल्याही नोडवर लिहिता येतं, आणि तीच तिची शान. तीन यंत्रं, तिन्ही समान, तिन्ही मालक. बॅलन्सर खुशीत तिघांनाही आळीपाळीने लेखनकाम देतो. मग दोन ग्राहक दोन वेगळ्या नोडवर एकाच ओळीत एकाच वेळी बदल करतात. दोघांनाही आपलं काम झाल्यासारखं वाटत असतं, आणि शिक्कामोर्तबाच्या क्षणी नोड आपसांत ताडून बघतात तेव्हा ज्याचं आधी पोहोचलं त्याचं टिकतं. दुसऱ्याच्या तोंडावर "डेडलॉक" असा शेरा मारला जातो. ज्या ओळीवर जास्त झुंबड तिथे हे शेरे जास्त. त्यामुळे अनुभवी मंडळी सल्ला देतात तो असा: लिहायचं काम एकाच नोडला द्या, बाकीचे दोन राखीव ठेवा. तीन मालकांचं क्लस्टर उभारायला एवढा खर्च करून शेवटी एकाने राबायचं आणि दोघांनी बघायचं, हे ऐकून व्यवस्थापनाला धक्का बसतो. पण यातही बॅलन्सरचं वाटप चुकलेलं नव्हतंच. ते अचूक समान होतं. कोण कुठल्या ओळीवर लिहितोय हे आतलं ज्ञान त्याला नव्हतं, आणि दारात उभ्या असलेल्याला ते असावं अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

आता मुख्य विचारपुशीकडे येऊ. बॅलन्सर ठराविक वेळाने प्रत्येक नोडची प्रकृती विचारतो. याला हेल्थ चेक म्हणतात. हॅप्रॉक्सी वेगळं काही सांगितलं नाही तर दर दोन सेकंदांनी चौकशी करतं, ओळीने तीन वेळा उत्तर आलं नाही की नोडला मृत धरतं आणि दोनदा नीट उत्तर आलं की पुन्हा जिवंत धरतं. पुनर्जन्माची इतकी सोपी अट इतर कुठल्याही शास्त्रात नाही. सगळ्यात साधा चेक म्हणजे पोर्टचं दार ठोठावायचं, दार उघडलं की काही न बोलता निघून जायचं. मायएसक्यूएलला हा प्रकार मुळीच आवडत नाही. त्याच्या ३३०६ या पोर्टवर कुणीतरी येतं, कनेक्शन उघडतं, नाव-गाव न सांगता पळून जातं. मायएसक्यूएल त्याची नोंद ठेवतं आणि एकाच पत्त्यावरून ओळीने शंभर वेळा असं झालं की, नव्या आवृत्त्यांच्या साध्या मांडणीत, त्या पत्त्याला बंदी घालतं. दर दोन सेकंदांनी एक म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंदांत काम तमाम. मधेच एखादं खरं कनेक्शन आलं की मोजणी पुन्हा शून्यावर जाते, त्यामुळे कामात असलेला बॅलन्सर बहुधा वाचतो. बंदी येते ती राखीव बॅलन्सरवर, कारण त्याला दुसरं काम नसतं, तो नुसती विचारपूस करत असतो. आणि ही बंदी कळते कधी, तर मुख्य बॅलन्सर कोसळून राखीवावर वेळ येते तेव्हा. "मी आलो, उघड!" "तूच ना तो, रोज दार वाजवून पळणारा? चल, नीघ." अति काळजीने नाती तुटतात याला इतका निर्विवाद पुरावा मानसशास्त्रातही मिळणार नाही.

बरं, दार उघडणं म्हणजे घरात कुणी शुद्धीवर असणं असंही नाही. गॅलेराचा नोड सोबत्यांपासून तुटला की कनेक्शन आनंदाने घेतो आणि प्रश्न विचारला की सांगतो, मी अजून कामाला तयार नाही. प्रत ठेवणारे नोड, म्हणजे रिप्लिका, याहून धूर्त. ते उत्तर देतात, बरोबर व्याकरणात देतात, फक्त थोडं जुनं देतात, कारण मुख्य नोडवरचे बदल त्यांच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बॅलन्सरने लेखन एकीकडे आणि वाचन दुसरीकडे धाडलं की असे संवाद झडतात: "पैसे भरले." "नोंद नाही." "अहो, पावती आहे हातात!" "पावती दुसऱ्या नोडने दिलीय, आमच्याकडे अजून तुम्ही पैसे भरायचेच आहात." आणि सगळ्यांवर कडी करतो तो अपयशात तरबेज झालेला नोड. बॅलन्सरला 'ज्याच्याकडे काम कमी, त्याला पुढचं काम' हा नियम लावून दिला की तो फार न्यायी वाटतो. आता एका नोडची डिस्क भरली. धडधाकट नोडला एक काम करायला पन्नास मिलिसेकंद लागत असतील तर याला "जमणार नाही" म्हणायला एक पुरतो. त्यामुळे हा कायम मोकळा. "मी रिकामा आहे." "शाब्बास, हे घे." "जमणार नाही. मी रिकामा आहे." "शाब्बास, हे घे." बघता बघता सगळ्या क्लस्टरचं काम त्या एकाकडे वाहू लागतं आणि तो ते सगळं विक्रमी वेगाने नाकारत राहतो. सरासरी प्रतिसादवेळेचा आलेख त्या दिवशी इतका सुरेख दिसतो की तो अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतला जावा. वाचकांनी इथे आपापल्या ऑफिसातली नावं मनात आणू नयेत.

"अहो, मग चेक नीट लिहा की!" असं कुणी म्हणेल. त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी: ही अडचण आळशी प्रोग्रामरची नाही, तिच्यावर गणिती शिक्का आहे. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तिघांनी १९८५ च्या निबंधात सिद्ध केलं की निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल आणि एखादंही यंत्र मधेच मरू शकत असेल, तर उरलेल्यांचं एकमत हमखास होईलच अशी ठाम रीत अस्तित्वात नाही. मूळ कारण साधं: उत्तर येत नाही तेव्हा समोरचा मेलाय की विचार करतोय, हे बाहेरून कळत नाही. ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार केलाय त्यांना यासाठी निबंधाची गरज नाही. व्यवहारात मग वेळेची मर्यादा घालून आणि बहुमताने निर्णय घेऊन भागवतात. या बहुमताच्या रीतीचा इतिहास विनोदी लेखकांनी तरी पाठ करावा असा आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पॅक्सोस नावाची पद्धत शोधली आणि ती एका ग्रीक बेटावरच्या काल्पनिक संसदेची कथा रचून सांगितली. त्या संसदेचे सदस्य सतत सभागृहातून उठून जातात, तरी कायदे होत राहतात. व्याख्यानंही त्यांनी हॅट चढवून, चित्रपटातल्या पुरातत्त्वज्ञाच्या वेशात दिली. १९९० मध्ये निबंध पाठवला तेव्हा परीक्षकांनी कळवलं की मजकूर बरा आहे, पण ते बेटाचं प्रकरण काढून टाका. लॅम्पोर्ट रागावले आणि निबंध पडून राहिला तो १९९८ पर्यंत. २००१ मध्ये त्यांनी तोच विषय विनोद वगळून पुन्हा लिहिला. त्यानंतर २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहौट यांनी राफ्ट ही पद्धत मांडली आणि ती समजण्याजोगी असल्याचं शीर्षकातच जाहीर केलं. एका विनोदामुळे निबंध आठ वर्षं अडतो, हे पाहता प्रस्तुत लेखकाने उत्तराची घाई करण्यात अर्थ नाही.

बहुमताला विषम संख्या सोयीची, म्हणून जिथे दोनच नोड परवडतात तिथे गॅलेरामध्ये एक पंच आणून बसवतात. त्याच्यापर्यंत सगळ्या घडामोडी पोहोचतात, तो त्यातलं काहीही साठवत नाही, आणि मतदानाच्या वेळी मात्र त्याचं मत पूर्ण धरलं जातं. समित्यांचा अनुभव असलेल्यांना याची वेगळी ओळख लागू नये. दोन नोड एकाच वेळी "मीच प्रमुख" म्हणू लागले तर काय, यावर लिनक्सच्या जगात उपाय आहे त्याचं नाव स्टोनिथ, आणि त्या आद्याक्षरांचा विस्तार 'दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला' असा आहे. खरी गोळी नसते. शंका आली की दुसऱ्याचा वीजपुरवठा तोडायचा. म्हणजे विचारपुशीचं टोक हे: प्रकृती कळत नसेल तर ती आपणच निश्चित करून टाकावी. इतकं करूनही बहुमताला कळतं ते एवढंच की अमका उत्तर देत नाही. गिटहबवर २१ ऑक्टोबर २०१८ रोजी नेमकं हेच झालं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं आणि तिथल्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. पुण्या-मुंबईत तेव्हा २२ तारखेची पहाटेची ४.२२ ची वेळ होती. राफ्टने बांधलेल्या देखरेख-यंत्रणेने बाकीच्यांचं बहुमत घेतलं, पूर्व किनारा गेला असं ठरवलं आणि प्रमुखपद पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला दिलं. त्रेचाळीस सेकंदांनी पूर्व किनारा परत आला तो ठणठणीत, वर काही सेकंदांचं असं लेखन घेऊन, जे पश्चिमेला पोहोचलंच नव्हतं. आणि पश्चिमेने तोवर स्वतःचं लिहायला घेतलं होतं. दोन्ही वह्या खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. यात एकाही घटकाने नियम मोडला नव्हता. विचारलं, उत्तर आलं नाही, मतदान झालं, ठराव मंजूर झाला. चुकलं काही नाही. फक्त ज्याचा मृत्यूचा दाखला निघाला तो पाऊण मिनिटासाठी फोनपासून लांब होता.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येतो की मधला माणूस, म्हणजे बॅलन्सरच, काढून टाका. कॅसँड्रा हेच करते. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये घडवलेला आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला हा डेटाबेस दारात बॅलन्सर ठेवत नाही. ॲपमधल्या ड्रायव्हरलाच कुठली माहिती कुठल्या नोडवर आहे याचा नकाशा असतो, आणि तो थेट त्या नोडकडे जातो. बरोबर आहे, आणि कॅसँड्रासाठी तेच उत्तम. पण विचारपूस यात संपत नाही, ती घरोघरी जाते. एका बॅलन्सरऐवजी ॲपच्या प्रत्येक प्रतीतला ड्रायव्हर आता आपापलं मत बनवतो. नोडही आपसांत दर सेकंदाला इतर एक-दोन-तीन नोडना गाठून तिसऱ्याबद्दल बोलतात. या व्यवस्थेचं अधिकृत नावच गॉसिप आहे. कुणी मेला असं ते म्हणत नाहीत, संशयाची पातळी आकड्यात वाढवत नेतात. "त्या चौथ्याचं काही कळलं?" "कळलं नाही, पण माझा संशय सहावर गेलाय." "माझा साडेसात." आठची ठरलेली रेघ ओलांडली की तो दोषी. ही पद्धत मंद आणि मृत यांच्यातल्या धूसरपणाशी इतर कुणापेक्षा प्रामाणिक आहे, हे मान्य. पण ती माझं म्हणणं खोडत नाही, सिद्धच करते: बॅलन्सर काढला तरी चौकशी उरली, आणि सगळी कारागिरी त्या चौकशीवरच खर्च झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चेक सखोल करा. नुसतं दार ठोठावू नका. आत जा, एखादी क्वेरी चालवा, प्रती ताज्या आहेत का बघा, डिस्कवर जागा आहे का बघा. सल्ला चांगला आहे, आणि त्याचा अतिरेक झाला की तो बुडवतो. कारण संध्याकाळी खरी गर्दी झाली की सगळेच नोड मंदावतात. मंदावलेल्या नोडचा सखोल चेक वेळेत पुरा होत नाही. पहिला नोड बाद, त्याचा भार उरलेल्यांवर. ते आणखी मंद, दुसरा बाद. थोड्या वेळात बॅलन्सर जाहीर करतो की एकही सर्व्हर उपलब्ध नाही, आणि मागे सगळे नोड घाम गाळत काम करत असतात. म्हणूनच लिफ्ट कंपनीने २०१६ मध्ये खुला केलेला एन्व्हॉय हा प्रॉक्सी एक विलक्षण नियम पाळतो: धडधाकट नोड निम्म्याहून कमी दिसू लागले की प्रकृतीचे सगळे अहवाल बाजूला ठेवायचे आणि काम सगळ्यांना वाटायचं. इतके जण एकदम आजारी नसतात. विचारणाऱ्याचंच काहीतरी बिघडलं असणार. हे शहाणपण किती मोलाचं, ते ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्राने २० ऑक्टोबर २०२५ रोजी जगाला दाखवलं. आपल्याकडे नरक चतुर्दशीची दुपार होती, फराळ नुकताच खाली उतरत होता. डायनॅमोडीबी या विभागलेल्या डेटाबेसच्या बॅलन्सरांचे पत्ते डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, भरणारे तीन स्वयंचलित कारकून, एकमेकांना पर्याय म्हणून मुद्दाम स्वतंत्र ठेवलेले. एक रेंगाळला. दुसऱ्याने नवी यादी लावली. रेंगाळलेल्याने नव्या यादीवर आपली जुनी यादी लावली. तेवढ्यात साफसफाई सुरू झाली आणि "ही तर जुनी" म्हणून ती यादी पुसली गेली. डेटाबेस जागेवर, बॅलन्सर जागेवर, पत्ता कोरा. पुढचा अंक तर खास आपल्या मुद्द्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. डीएनएस सावरल्यावर नेटवर्क लोड बॅलन्सरचे हेल्थ चेक गडबडले, कारण नव्या यंत्रांची नेटवर्कची माहिती उशिरा पोहोचत होती. चांगले नोड घटकेत आजारी, घटकेत बरे ठरू लागले आणि कामातून आत-बाहेर होऊ लागले. अभियंत्यांनी उपाय केला तो हा: चेकवरून आपोआप हकालपट्टी करायची सोयच बंद केली. विचारपुशीवरून निकाल देणं थांबवलं आणि मंडळी कामाला लागली.

तिसरा आक्षेप भावनिक असतो: निर्णय माणसाकडे द्या. यंत्राला काय कळतंय? माणसाला संदर्भ कळतो, अनुभव असतो. असतो खरा, शिवाय रात्रही असते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये प्रत ठेवणारा डेटाबेस मागे पडला, म्हणून रात्री उशिरा एका अभियंत्याने त्याची माहिती पुसून नव्याने भरायला घेतली. पुसली ती मुख्य डेटाबेसची. चूक लक्षात येऊन हात थांबेतो सुमारे ३०० जीबीमधले साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधले, तर एकामागून एक निरुपयोगी. त्यातला मुख्य बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हता, आणि तो होत नाही हे कळवणारी ईमेलं समोरच्या मेल सर्व्हरने नाकारली होती. निरोप नाही, अर्थात सगळं आलबेल! तारलं ते सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी कुणी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. कंपनीने हे दुरुस्तीकाम यूट्यूबवर थेट दाखवलं, हा तिचा मोठेपणा. पण मुद्दा असा की माणूसही बॅलन्सरइतकाच बाहेर उभा असतो. त्याच्यापुढे दोन काळे पडदे असतात, दोन्हींवर जवळपास तेच नाव असतं, आणि शांततेचा अर्थ तोही "बरंय" असाच लावतो.

मग करायचं काय? प्रकृती विचारायची सोडून कामाचं विचारायचं. गॅलेराच्या नोडला "आहेस का?" न विचारता "सोबत्यांशी जुळलेला आहेस का?" विचारणारी छोटी स्क्रिप्ट मिळते, ती ९२०० पोर्टवर हो किंवा नाही एवढंच सांगते. पोस्टग्रेस डेटाबेससाठी पॅट्रोनी नावाचा रखवालदार ८००८ वर "सध्या प्रमुख तूच का?" याचं उत्तर देतो आणि प्रमुख कोण हे नोड आपसांत ठरवतात, बॅलन्सरने फक्त निकाल वाचायचा. कुणालाही बाद करण्याच्या अधिकाराला मर्यादा हवी, एन्व्हॉयसारखी. त्रेचाळीस सेकंद थांबायची तयारी हवी. गिटहबने नंतर प्रमुखपद आपोआप दुसऱ्या किनाऱ्यावर जाणार नाही अशी तजवीज करायचं जाहीर केलंच. आणि चौकशी कमीच बरी, यालाही गणित आहे: सगळ्या नोडांची शिळी माहिती गोळा करून सर्वांत मोकळ्याकडे सगळ्यांनी धावण्यापेक्षा कुठलेही दोन नोड उचलावेत आणि त्यातला कमी भाराचा निवडावा. नव्वदच्या दशकात आझर, ब्रोडर, कार्लिन आणि अपफाल यांनी आणि मग मिट्झेनमाखर यांनी दाखवलं की डोळे मिटून एक उचलण्यापेक्षा दोनांतून निवडण्यात प्रचंड फरक पडतो, तिसऱ्या-चौथ्याने मात्र फारशी भर पडत नाही. राहता राहिला प्रश्न बॅलन्सरच्याच प्रकृतीचा. त्यासाठी दोन बॅलन्सर ठेवतात. पहिला दर सेकंदाला "मी आहे" म्हणतो, आणि तीन-साडेतीन सेकंद आवाज आला नाही की दुसरा त्याचा पत्ता आपल्या नावावर करून घेतो. म्हणजे पुन्हा तेच, पण निदान दोघांपुरतं. बैठकीत हे सगळं मांडलं की व्यवस्थापनाकडून हमखास विचारणा होते: "एवढं केल्यावर सर्व्हिस पुन्हा कधी बंद पडणार नाही ना?" पडेल की. पण वेगळ्या कारणाने पडेल, आणि या धंद्यात त्यालाच प्रगती म्हणतात.